व्हीआरएसची नोटीस लागलीय: त्या आकड्यात तुमचे किती आणि कंपनीचे किती?

शिफ्ट सुटताना नोटीस बोर्डापुढं गर्दी दिसली की दोनच शक्यता असतात, बोनस जाहीर झाला नाहीतर व्हीआरएस निघाली. दुसरी असेल तर पुढचे पंधरा दिवस कुपवाडच्या एमआयडीसीत असो, तासवड्यात असो की शिरवळला, चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न फिरतो: "तुला किती बसतायत?" कुणी अठरा लाख सांगतो, कुणी बावीस. घरी आकडा कळला की मुलीचं लग्न, वरचा स्लॅब आणि थोरल्याची इंजिनिअरिंगची फी, सगळं त्या एकाच रकमेतून भागवायचे बेत सुरू होतात.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून "आता कंपन्यांना रान मोकळं झालंय, मिळतंय ते घ्या आणि सुटा" हा सल्ला फुकटात मिळायला लागलाय. काहींच्या बाबतीत तो बरोबर आहे, पुष्कळांच्या बाबतीत नाही. आपण कुठल्या गटात बसतो हे कागद-पेन घेऊन तासाभरात काढता येतं. पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक आणि नोटिशीची झेरॉक्स एवढं त्यासाठी पुरतं.

हे नेमकं असतं काय?

व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना. कंपनीला माणसं कमी करायची असतात, पण कुणाला काढून टाकण्याची भानगड नको असते. म्हणून ती म्हणते, तुम्ही आपणहून जा, जाताना थोडे जादा पैसे देतो. या जादा पैशांना नोटिशीत 'सानुग्रह रक्कम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण अख्ख्या नोटिशीत खरी ऑफर तेवढीच असते.

कंपनीला ही भानगड का नको असते? कायम कामगाराला काढायचं, म्हणजे कामगार कपात करायची, तर कायद्याच्या अटी लागतात. महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो, सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, आणि साधारणपणे त्या कामावर शेवटी लागलेला आधी जातो. कारखाना मोठा असेल तर सरकारची परवानगीही लागते. तुम्ही राजीखुशीनं गेलात की कायद्याच्या भाषेत ती कपातच होत नाही, आणि यातलं काहीच लागू राहत नाही. म्हणजे कंपनी जादा पैसे देते तेव्हा ती औदार्य दाखवत नसते, स्वतःची कटकट वाचवत असते. त्यात गैर काही नाही. फक्त आपण काय विकतोय हे विकणाऱ्याला ठाऊक असावं.

आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांना हा प्रकार नवा नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेव्हा लालबाग-परळच्या खोल्या सातारा-सांगलीच्या माणसांनी भरलेल्या होत्या. पुढं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांतून व्हीआरएस घेऊन गावी आलेले म्हातारे पाटणात, शिराळ्यात, माण-खटावात अजून भेटतात. अलीकडचं उदाहरण बीएसएनएलचं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली त्यांची योजना ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला ती सगळी माणसं एकाच दिवशी निवृत्त झाली. पण बीएसएनएलवाल्यांचं झालं ते आपलं होईल असं धरू नका. तिथं सरकारी पेन्शन पाठीशी होती. खासगी कारखान्यातल्या माणसाला ती नसते, आणि दोन्ही हिशेबांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो त्यामुळंच.

आधी बारदान वजा करा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं काट्यावर चढलं की बारदानाचं वजन वजा करूनच शेतकऱ्याचा हिशेब होतो. व्हीआरएसच्या आकड्याचंही तसंच करायचं. काट्यावर दिसतो तो सगळा माल नसतो.

एक उदाहरण घेऊ. वय ४८, नोकरी २२ वर्षं ८ महिने. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २६,००० रुपये, बाकीचे भत्ते ८,०००, म्हणजे एकूण पगार ३४,०००. निवृत्तीचं वय ५८. नोटिशीत लिहिलंय: पूर्ण झालेल्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांचा पगार, यातली जी रक्कम कमी ती. आणि बारीक अक्षरात खाली, पगार म्हणजे फक्त बेसिक अधिक डीए.

४५ दिवस म्हणजे दीड महिना, ३९,००० रुपये. पूर्ण वर्षं २२. गुणाकार ८ लाख ५८ हजार. उरलेले महिने १२०, त्यांचे ३१ लाख २० हजार होतात, पण 'जी कमी ती' म्हटल्यावर ८ लाख ५८ हजारच मिळणार.

आता एचआरनं दिलेल्या तक्त्यात खाली एकूण दिसतं २१ लाख ६३ हजार. हे कुठून आले? ग्रॅच्युइटी ३ लाख ४५ हजार, शिल्लक ६० दिवसांच्या रजेचे ६० हजार, पीएफचे ९ लाख, आणि सानुग्रहाचे ८ लाख ५८ हजार. यातले पहिले तीन आकडे तुमचेच आहेत. उद्या साधा राजीनामा दिला तरी ते मिळणार, दहा वर्षांनी निवृत्त झालात तरी मिळणार, तेव्हा तर वाढून मिळणार. म्हणजे २१ लाख ६३ हजारांतून १३ लाख ५ हजार बारदान. ऑफर फक्त ८ लाख ५८ हजारांची.

ग्रॅच्युइटी स्वतः तपासून घ्या, तिथं चूक होते. सूत्र सोपं आहे: महिन्याच्या पगाराला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आपल्या उदाहरणात वर्षं २३, आणि म्हणून १५,००० गुणिले २३. सानुग्रह रकमेला मात्र नोटिशीत 'पूर्ण झालेली वर्षं' लिहिलंय म्हणून २२. एकाच तक्त्यात दोन वेगळी वर्षं दिसली की माणसं भांडायला जातात. इथं भांडण्यासारखं काही नाही. भांडायची जागा दुसरी आहे. नव्या संहितेप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरावा लागतो. कुणाचं बेसिक-डीए १२,००० आणि एकूण ३४,००० असेल, तर ग्रॅच्युइटीचा हिशेब निदान १७,००० वर व्हायला हवा. तक्ता जुन्याच पद्धतीनं १२,००० वर केलेला असेल तर हा फरक लेखी विचारा.

कर किती कापला जाईल?

कराची भीती लोक उगाच जास्त बाळगतात. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेपैकी ५ लाखांपर्यंत आयकर लागत नाही, आयुष्यात एकदाच. १९६१ च्या आयकर कायद्यात ही सूट कलम १०(१०सी) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, तेव्हा कागदावर वेगळा नंबर दिसला तर दचकू नका.

आपल्या उदाहरणात ५ लाख वजा जाता ३ लाख ५८ हजार करपात्र उरतात. अख्ख्या वर्षाचा पगार ४ लाख ८ हजार त्यात मिळवला तरी बेरीज ७ लाख ६६ हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर प्रत्यक्षात कर भरावा लागत नाही. म्हणजे या माणसाला कर शून्य. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि निवृत्तीच्या वेळी मिळणारे रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत, कायद्यात बसणारी रक्कम करमुक्त. ज्यांचा पगार लाखाच्या घरात आहे त्यांनी मात्र मार्चअखेर बाहेर पडायचं की एप्रिलमध्ये, हे सीएला विचारून ठरवावं. नुसत्या तारखेनं बराच कर वाचू शकतो.

५ लाखांच्या सुटीला अटी आहेत, आणि त्यातली एक अट कुणी वाचत नाही. वय ४० किंवा सेवा १० वर्षं पूर्ण हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कंपनीतली एकूण माणसं खरोखर कमी व्हायला हवीत, रिकामी जागा पुन्हा भरायची नाही, आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत त्या माणसाला नोकरीला घ्यायचं नाही, हेही नियमात आहे. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "आत्ता कागदावर सही कर, पुढच्या महिन्यात आपल्याच दुसऱ्या युनिटला लावून घेतो," किंवा "तुझ्या जागी पोराला घेतो." तो शब्द पाळला तर करसवलत अडचणीत येते, आणि नाही पाळला तर विचारायला कुठं जाणार? असं काही नोटिशीत लिहिलेलं नसतं, आणि न लिहिण्याचं कारण हेच.

खरा प्रश्न: बाहेर गेल्यावर किती मिळतील?

आता मुख्य गणित. इथं सावकाश जाऊ.

८ लाख ५८ हजार ही रक्कम म्हणून मोठी आहे, पण ती महिन्यांत मोजायला हवी. नोकरीची महिन्याची किंमत फक्त ३४,००० नाही. कंपनी पीएफमध्ये आपल्या बाजूनं १२ टक्के, म्हणजे ३,१२० रुपये भरते. दर वर्षी ग्रॅच्युइटी १५,००० नं वाढते, महिन्याला साडेबाराशे. धरून चाला ३८ हजार. बोनस आणि कॅन्टीन मी मोजलेलं नाही. पुढची पगारवाढही नाही. घरी बसायचं असेल तर ही रक्कम साधारण साडेबावीस महिन्यांचा पगार आहे, दोन वर्षंसुद्धा नाही.

पण ४८ वर्षांचा माणूस घरी बसत नाही. समजा त्याला बाहेर १६,००० चं काम मिळालं. तर दर महिन्याला खड्डा पडतो २२ हजारांचा. ८ लाख ५८ हजार भागिले २२ हजार, ३९ महिने. म्हणजे सव्वातीन वर्षं हा पैसा तो खड्डा भरत राहील आणि मग संपेल, वय असेल ५१.

आता उलट बाजू. तो थांबला आणि कारखाना पुढं कधीतरी बंद पडला, तर? कामगारांना तेव्हाही दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई कायद्यानं मिळते. आपल्या उदाहरणात ती तीन ते चार लाखांच्या घरात जाते, साडेतीन धरू. म्हणजे कायद्यापेक्षा ऑफरमध्ये जास्त आहेत ५ लाख ८ हजार, आणि हे जादा पैसे २२ हजारांच्या हिशेबानं २३ महिन्यांत वसूल होतात. निर्णयाची रेघ इथं आहे. कारखाना साधारण दोन वर्षांहून जास्त चालेल असं वाटत असेल, तर या माणसानं थांबणं फायद्याचं. दोन वर्षांच्या आत टाळं लागेल असं दिसत असेल, तर घेतलेली बरी.

या रेघेला एक मोठा 'पण' आहे. टाळं लावताना कंपनीकडे भरपाई द्यायला पैसे असायला हवेत. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीत कामगारांचे २४ महिन्यांचे थकलेले पैसे तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीनं धरले जातात आणि पीएफ-ग्रॅच्युइटीच्या निधीला हात लावता येत नाही, असं २०१६ ची दिवाळखोरी संहिता सांगते. पण बरोबरीनं धरणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. ती वाट वर्षांची असते. अशी शंका असेल तर भरपाई शून्य धरा, मग रेघ दोन वर्षांवरून सव्वातीन वर्षांवर सरकते. पगार आत्ताच दोन-दोन महिने थकत असेल, पीएफच्या पासबुकात कंपनीचा भरणा दिसत नसेल, विजेचं बिल थकल्याची कुजबुज असेल, तर तुमचा कारखाना या दुसऱ्या हिशेबात बसतो, आणि रोख हातात देणारी ऑफर असेल तर मी तरी फार ताणणार नाही.

बाहेरचा पगार बदलला की सगळंच बदलतं. हाच माणूस टूलरूमचा कसबी असेल, सीएनसीवर सेटिंग स्वतः करत असेल आणि त्याला बाहेर २४,००० मिळत असतील, तर खड्डा १४ हजारांचाच. ८ लाख ५८ हजार त्याला पाच वर्षांहून जास्त पुरतात. त्यानं व्हीआरएस घेण्यात अर्थ आहे. ज्याला बाहेर काम मिळण्याची खात्री नाही त्यानं घेणं सगळ्यात धोक्याचं. प्रत्यक्षात उलटं होताना दिसतं. घाबरलेला माणूस पहिल्या दिवशी अर्ज देतो आणि कसबी माणूस विचार करत बसतो. म्हणून अर्ज देण्याआधी बाहेर नोकरी शोधून बघा. मिळाली नाही तरी बाहेरचा भाव कळतो, आणि त्या एका आकड्याशिवाय वरचं गणित सुटतच नाही.

५७ व्या वर्षीच्या माणसाला हे काहीच लागू नाही. त्याचे दहा महिने उरलेत, त्याला २ लाख ६० हजार मिळतील, आणि ते दहा महिने तो दुसरं काहीही करू शकतो. तेव्हा "आमच्या लाईनमधल्या सगळ्या सीनियरनी घेतली" हे ४८ वर्षांच्या माणसानं घेण्याचं कारण होत नाही.

"नाही घेतली तर तसंही काढतीलच की!"

ही धमकी कधी उघड असते, कधी वाऱ्यावर सोडलेली. नवी औद्योगिक संबंध संहिता काय बदलते ते बघू. पूर्वी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपात किंवा टाळं लावायला सरकारची आधी परवानगी लागायची. आता ही मर्यादा ३०० झाली. आपल्याकडच्या बऱ्याच मधल्या कारखान्यांचं संरक्षण यामुळं कमी झालंय, हे खरं. पण परवानगी गेली म्हणजे भरपाई गेली असं नाही. नोटीस आहे, १५ दिवसांची भरपाई आहे, शिवाय कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा ही नवी तरतूद आहे. व्हीआरएस घेणाऱ्याला यातलं काही नाही. सुपरवायझर, ऑफिसर, मॅनेजर यांची गोष्ट वेगळी. कायद्याच्या व्याख्येत ते बहुतेकदा 'कामगार' ठरत नाहीत, त्यामुळं त्यांना थांबून मिळणारी भरपाई फार तर नेमणूकपत्रात लिहिलेली नोटीस. त्यांच्यासाठी ऑफरची किंमत तेवढी जास्त धरावी.

बदलीचा दबाव मात्र खरा असतो. अर्ज न देणाऱ्याला गुजरातच्या नाहीतर उत्तराखंडच्या प्लांटला पाठवायची भाषा होते. नेमणूकपत्र काढून बदलीचं कलम वाचा. तिथं तशी अट नसेल तर युनियनकडे जा, युनियन नसेल तर सांगलीला किंवा साताऱ्याला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. 'स्वेच्छा' हा शब्द योजनेच्या नावातच आहे, आणि जबरदस्तीनं घेतलेल्या अर्जावर वाद घालता येतो. पण तो सही करण्याआधी घालणं शंभर पटीनं सोपं.

"व्याजावर भागवू, नाहीतर शेती बघू"

८ लाख ५८ हजार सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ६० हजार, महिन्याला पाच हजार. त्यात गॅस, वीज, किराणा आणि फोन भागेल. व्याजावर जगण्याएवढी ही रक्कमच नाही. हे कुणी आधी सांगत नाही, कारण लाखात ऐकलेला आकडा महिन्याच्या हजारांत कुणी करून बघत नाही.

शेतीचं तसं नाही, तिच्यावर घर चालतं. पण पगार एक तारखेला येतो आणि ऊस तसा येत नाही. जुलै-ऑगस्टला आडसाली लावली तर तोड मिळायला सोळा-अठरा महिने, त्यानंतर कारखान्याचं बिल. तासगावकडं द्राक्षाची नवी बाग उभी करायची तर वर्ष-दीड वर्ष नुसता खर्च. आटपाडी-जतला पाण्याची खात्री काय, हे तिथल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. शेतीत जायचंच असेल तर पहिलं पीक हातात येईपर्यंतचा घरखर्च सानुग्रह रकमेतून बाजूला काढा, आणि उरेल त्यातच ठिबक, बोअर, ट्रॅक्टरचं बघा. भाऊबंदांत जमीन वाटून झालेली नसेल तर हा बेत कागदावरच ठेवा.

पेन्शन आणि दवाखाना

पीएफच्या पेन्शनला, म्हणजे ईपीएस-९५ ला, निदान १० वर्षं सेवा लागते आणि ती ५८ व्या वर्षी सुरू होते. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे, त्याआधीच्या सेवेला ६,५००. यावरून एक उपयोगी आकडा निघतो. इथून पुढं केलेलं नोकरीचं प्रत्येक वर्ष पेन्शनमध्ये महिन्याला फक्त २१४ रुपये वाढवतं. दहा वर्षं आधी सुटलात तर तोटा महिन्याला एकवीसशेचा. म्हणजे "पेन्शन बुडेल" म्हणून थांबू नका, तेवढं मोठं काही बुडत नाही. ५० नंतर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ च्या आत घेतलेल्या दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते.

दवाखान्याचा मुद्दा जास्त महाग पडतो. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, आणि पन्नाशीत शुगर-बीपीसकट नवी पॉलिसी काढायची तर हप्ता चढा, शिवाय आधीच्या आजारांना प्रतीक्षेचा काळ. तेव्हा राजीनाम्याआधीच, अंगावर विमा असताना, घरचा वेगळा विमा काढा. फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांना आधार आहे, पण महिन्याच्या गोळ्यांना नाही.

ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड आहे, त्यांच्यासाठी एक फारशी माहीत नसलेली तरतूद: निदान पाच वर्षं विमाधारक असलेल्यानं व्हीआरएस घेतली तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. बेरोजगारीत मिळणारा ईएसआयचा भत्ता मात्र स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही.

"अर्ज दिला की संपलं, मागं फिरता येत नाही"

बहुतेक नोटिशींत "अर्ज मागे घेता येणार नाही" अशी ओळ असते. २००२ साली बँक ऑफ इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिला. बँकेची योजना ही फक्त अर्ज करण्याचं निमंत्रण होती, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव, आणि बँकेनं तो मंजूर करेपर्यंत कर्मचारी तो मागे घेऊ शकतो, असं न्यायालय म्हणालं. योजनेची भाषा वेगळी असेल तर निकालही वेगळा लागू शकतो, पण मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत सहसा वाट असते. मागे घ्यायचा तर लेखी घ्या आणि पोच घ्या. एकदा पैसे उचलले की वाट बंद.

दुसरा निकाल त्याहून महत्त्वाचा. २००३ मध्ये सरकारी खत महामंडळांतून व्हीआरएस घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी नंतर मागच्या पगारवाढीचा फरक मागितला. व्हीआरएसचा पैसा घेतल्यावर मालक-नोकर नातं संपतं आणि जुन्या मागण्याही संपतात, असं न्यायालयानं सांगितलं. तुमच्या कारखान्यात पगारवाढीचा करार रखडलाय आणि तो मागच्या तारखेपासून लागू होणार आहे? मग "करार झाल्यावर फरक आणि त्यावरची ग्रॅच्युइटी व सानुग्रह रकमेतला फरक मिळेल" ही ओळ मंजुरीपत्रात आधीच आली पाहिजे. 'फुल अँड फायनल'वर, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर, सही झाल्यावर ती ओळ कुणी घालून देणार नाही.

पैसे खात्यात आल्यानंतरचे पंधरा दिवस

खात्यात रक्कम जमा झाली की ती आधी बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला कळते, मग मेव्हण्याला. दोघांनाही महिनाभर नाही म्हणा. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी या वयात, या पैशात घेऊ नका, एवढंच मी ठामपणे सांगेन.

ठेवी कुठं ठेवता याला आपल्या भागात फार महत्त्व आहे. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते ते त्यामुळंच, आणि बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात उभं राहिलेलं एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. ८ लाख ५८ हजार दोन बँकांत विभागले की काम झालं. वय ५५ पूर्ण असेल तर व्हीआरएस घेतलेल्या माणसाला साठीची वाट न बघता पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

राहिली कामगार पतपेढी. तुमचं स्वतःचं कर्ज फुल अँड फायनलमधून वळतं होणार हे तुम्ही धरलेलं असतं. पण तुम्ही कुणाकुणाला जामीन राहिलाय ते आठवा. नो ड्यूजचा कागद मागायला गेलात की पतपेढी तुमचं नाव काढते, आणि ज्याला जामीन राहिलाय त्याचे हप्ते थकलेले असतील तर तुमचा चेक तिथंच अडकतो. अर्ज देण्याच्या आधी पतपेढीत जाऊन जामीनकीचा उतारा मागा, आणि त्या माणसाला दुसरा जामीनदार शोधायला सांगा. तो दुसरा सहसा तुमच्याच लाईनवरचा असतो, आणि व्हीआरएसचा अर्ज त्यानंही भरलाय का, हे विचारून घ्या.